‘हो मॅडम’च्या पुढचं वाक्य

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जिल्हा परिषदेच्या शाळांत वीस वर्षं काढल्यावर यंदा तुमच्याकडे तुमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, पाच नव्या शिक्षकांना मार्गदर्शन करण्याचं काम आलं आहे. तुम्ही त्यांच्या शाळांवर जाता, तास पाहता, काय चुकलं ते सांगता, वेळ पडली तर खडू हातात घेऊन स्वतः तास घेऊन दाखवता. ते वहीत लिहून घेतात, मान डोलावतात, आणि महिन्याभराने पुन्हा जावं तर वर्ग होता तसाच. ‘आधी त्यांचं ऐकून घ्या’ असं तुम्हाला दोघा-तिघांनी सुचवलं. त्यावर तुमच्या दोन शंका आहेत. ऐकत बसायला वेळ कुठून आणायचा? आणि फार ऐकून घेतलं तर ही मंडळी डोक्यावर बसतील, त्याचं काय? शिवाय पाचांतल्या एक मॅडम तोंडच उघडत नाहीत, त्यांचं ऐकायचं तरी काय, असंही तुम्ही विचारलं आहे.

मी तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पट्ट्यात सोळा वर्षं वर्गावर आणि चौदा वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे अशा एका केंद्रातल्या शाळांना भेटी देऊन मार्गदर्शन करणारी, म्हणून काम केलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. केंद्रप्रमुख झाल्यावरची पहिली काही वर्षं मी तुमच्यासारखंच करत होते, आणि अगदी मनापासून करत होते. ते का लागू पडत नव्हतं, हे मला एका वजाबाकीच्या गणितावरून कळलं. ते आधी सांगते.

एका द्विशिक्षकी शाळेवर लातूरकडचे एक तरुण सर शिक्षणसेवक, म्हणजे मानधनावरचे नवे शिक्षक, म्हणून रुजू झाले होते. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी चालली होती. फळ्यावर ५२ वजा ३८. अकरा मुलांपैकी सात जणांच्या पाटीवर उत्तर २६. तुम्हालाही बघताक्षणी कळलं असेल. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढलेला, म्हणजे एकक-दशक पक्कं नाही. तास संपल्याबरोबर मी सरांना बाजूला घेतलं आणि दहा मिनिटं समजावलं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करा, मुलांना गठ्ठा सोडायला लावा, हाताने झालं की मग फळ्यावर या. ते म्हणाले, “हो मॅडम.” मी शेरेबुकात, म्हणजे शाळाभेटीच्या नोंदवहीत, तसं लिहिलं, सही केली आणि पुढच्या शाळेला निघाले.

पुढच्या भेटीत गठ्ठे तयार होते. छान मोजून, रबर लावून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेले. वजाबाकी तीच, २६ तेच. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी जरा आवाज चढवून. “हो मॅडम.”

तिसऱ्यांदा गेले तेव्हा जुलै होता. भाताच्या आवणीचे दिवस, निम्मी मुलं शेतावर. दुपारी पाऊस असा लागला की ओढ्याला पाणी आलं आणि मला परतता येईना. मुलं घरी गेली. आम्ही दोघं शाळेच्या ओट्यावर बसून राहिलो. शेरेबुक भिजू नये म्हणून पिशवीसकट आत ठेवलं होतं. सांगण्यासारखं दोनदा सांगून झालं होतं, म्हणून मी गप्प होते. ऐकायचं ठरवून मी तिथे बसले नव्हते, हे मुद्दाम लिहिते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “मॅडम, मुलांचं बोलणं मला कळत नाही.”

माझ्या तोंडाशी लगेच उत्तर आलं होतं. बोलीभाषेचं प्रशिक्षण, शब्दसंग्रहाची पुस्तिका, सगळं. पण पत्र्यावर पावसाची सर इतक्या जोराची आली की बोललेलं ऐकू जाईना. पाऊस ओसरला तेव्हा बोलायला मी नाही, तेच लागले. “गठ्ठे दिले की मुलं आपसात बोलतात. मी विचारतो, कसं केलंस? पोरगं सांगतं. मला कळत नाही. पुन्हा विचारतो, तर सगळी हसतात. दोनदा तसं झालं. मग मी विचारणंच सोडलं. फळ्यावर लिहून दिलं की निदान शांत बसून उतरवून घेतात.”

म्हणजे आग सोमेश्वरी आणि मी बंब नेत होते रामेश्वरी. त्या माणसाला काड्यांचे गठ्ठे माहीत होते. डीएडला शिकले होते, मला सांगायची गरजही नव्हती. अडलं होतं ते मुलाला ‘कसं केलंस’ विचारण्यापाशी. घरापासून पाचशे किलोमीटरवर, अकरा पोरांच्या हसण्यापुढे एकटं उभं राहण्यापाशी. मी पहिल्या भेटीत पाच मिनिटं गप्प बसले असते तर दोन महिने वाचले असते. त्या मुलांचेही वाचले असते.

“मग काय करता येईल?” असं मी विचारलं, आणि पावसामुळे असेल, पण थांबले. तोडगा त्यांनीच काढला. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई त्याच पाड्यावरच्या, त्यांना दोन्हीकडचं कळत होतं. पुढच्या आठवड्यापासून खिचडी उतरवून झाली की ताई अर्धा तास गणिताला येऊन बसू लागल्या. सरांनी वहीच्या मागच्या पानांवर त्यांच्याकडून शब्द उतरवून घेतले. घेणं, देणं, उसनं आणणं, कमी पडणं, उरणं. वजाबाकीला लागतात तेवढेच शब्द, पण मुलांच्या बोलीतले. पुढच्या भेटीत त्यांनी मला एका मुलीचं उत्तर सांगितलं, ते मी आजवर विसरले नाही. २६ कसे आले असं विचारल्यावर ती म्हणाली होती, “दोनातून आठ जात नाहीत, म्हणून मी आठातून दोन काढले.” तिने विचार केला होता. तिचा एक नियम होता आणि तो ती इमानाने पाळत होती. गठ्ठा नेमका कुठे सोडायचा हे त्या दिवशी सरांना कळलं, आणि मलाही.

तुमच्या पाच जणांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. मी सरांचं ऐकत नव्हते आणि सर मुलांचं ऐकत नव्हते. दोन्ही वर्गांत एकच पद्धत चालली होती: मोठ्याने सांगायचं, लहानाने ‘हो’ म्हणायचं. नव्या शिक्षकाला आपण बालककेंद्री शिक्षणावर कितीही व्याख्यानं देऊ, तो वर्गात तेच करतो जे आपण त्याच्याशी केलं. त्याचं बोलणं मधेच तोडलं की तो मुलाचं तोडतो. त्याच्या उत्तरापाशी आपण थांबलो की पुढेमागे तोही थांबायला लागतो.

थांबण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते शिकता येतं. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक होत्या. त्यांनी वर्गांतल्या संभाषणाच्या पुष्कळ ध्वनिफिती तपासल्या आणि १९७०च्या दशकात त्यावर लिहिलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी १ सेकंदच थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात, प्रश्न बदलतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असं त्यांना आढळलं. हेच थांबणं ३ सेकंदांपर्यंत नेलं, तर मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. थांबण्याच्या जागा त्यांनी दोन सांगितल्या. एक प्रश्नानंतरची आणि दुसरी उत्तरानंतरची. ही दुसरी जागा आपण जवळजवळ नेहमीच हुकवतो.

मुलांना जे लागू तेच शिक्षकांनाही, हे मला अनुभवाने पटलं. नव्या शिक्षकाचं पहिलं वाक्य साहेबांसाठी तयार केलेलं असतं. ‘सगळं व्यवस्थित आहे मॅडम’, ‘मुलांची उपस्थिती जरा कमी आहे’, ‘प्रयत्न चालू आहेत’. खरं वाक्य त्याच्यामागे असतं, आणि पहिल्या वाक्यावर आपण बोलायला लागलो की ते आत जातं. मी टेबलाखाली हाताच्या बोटांवर पाच मोजायची. एक, दोन, तीन, चार, पाच. सुरुवातीला जीव कासावीस होतो, आपण निष्काळजी दिसू असं वाटतं. पण चौथ्या बोटापर्यंत समोरचा माणूस बहुतेक वेळा पुन्हा बोलतो, आणि बोलतो ते वेगळं असतं.

हे नवे शिक्षक पहिल्यांदा मोकळं का बोलत नाहीत, तेही समजून घ्यायला हवं. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं मानधनावर. २०२३ पासून प्राथमिकला ते १६ हजार रुपये झालं, त्याआधी ६ हजार होतं. त्यात खोलीभाडं, गावी पाठवायचे पैसे, वर्षातून दोनदा जाण्यायेण्याचा खर्च. तीन वर्षं समाधानकारक सेवा झाल्याशिवाय वेतनश्रेणी नाही. अशा माणसासमोर आपण शेरेबुक उघडून, पेनचं टोपण काढून बसतो आणि म्हणतो, ‘काय अडचणी आहेत त्या मोकळेपणाने सांगा.’ तो कसा सांगेल? त्याची नजर पेनावर असते. म्हणून मी एक नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला. बोलणं होईपर्यंत शेरेबुक पिशवीत. बोलून झालं की ते काढायचं, शेरा दोघांनी मिळून ठरवायचा, आधी त्यांनी वाचायचा आणि मग मी सही करायची. घरचं, तब्येतीचं, मनातलं जे काही सांगितलं असेल त्यातला एक शब्दही शेऱ्यात येणार नाही, हे आधीच सांगून टाकायचं. आणि ते केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, चहा पितानाही कुणाजवळ बोलायचं नाही. एकदा बोललात तर बारा शाळांना संध्याकाळपर्यंत कळतं, आणि मग तुम्हाला कुणी काही सांगत नाही.

शब्दांचंही असंच. मी ‘का’ विचारणं जवळजवळ बंद केलं. आपल्या खात्यात ‘का’ हा शब्द खुलाशाच्या पत्रातून येतो. ‘विहित मुदतीत माहिती का सादर केली नाही, याचा खुलासा करावा.’ त्यामुळे ‘गठ्ठे का वापरले नाहीत?’ असं विचारलं की समोरून खुलासाच येतो: वेळ नव्हता, मुलं गैरहजर होती, मीटिंग होती. ‘गठ्ठे दिले तेव्हा काय झालं?’ असं विचारलं तर गोष्ट येते, आणि आपल्याला गोष्टच हवी असते. कसं, कधी, तेव्हा मुलं काय म्हणाली, तुम्ही काय केलंत, मग? हा ‘मग?’ फार कामाचा शब्द आहे. त्यात सल्ला नाही, निवाडा नाही, फक्त पुढे सांगा एवढंच आहे.

मग आपल्याला कळलं ते त्यांना परत सांगून बघायचं. ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचं आहे का, की...’ इथे समोरचा ‘हो मॅडम’ म्हणाला तर मला शंका यायची. ‘नाही मॅडम, तसं नाही’ असं म्हणाला की बरं वाटायचं. नव्या शिक्षकाने तोंडावर ‘नाही’ म्हणणं ही विश्वासाची पहिली खूण असते. त्या ‘नाही’ने चिडू नका, सर. मी सुरुवातीला चिडायची. इतक्या वर्षांच्या अनुभवाला हा कालचा मुलगा नाही म्हणतो, असं मनात यायचं. पण पुढचं सगळं खरं बोलणं त्या ‘नाही’पासूनच सुरू होतं.

तास पाहतानाही ऐकायचंच असतं, आणि त्याची एक रीत मला फार उपयोगी पडली. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे शिक्षक बोलले ते, उजवीकडे मुलं बोलली ते, शब्दाला शब्द. चांगलं-वाईट काही लिहायचं नाही. वीस मिनिटं एवढंच. तास संपला की ते पान शिक्षकांच्या हातात द्यायचं आणि गप्प बसायचं. एका मॅडमचा परिसर अभ्यासाचा तास मी असा उतरवला होता. शिकवणं नीट, फळा सुंदर, चित्रं स्वतः काढलेली. त्यांनी पान वाचलं, मग पुन्हा वरून खाली वाचलं. उजव्या रकान्यात चौदा नोंदी होत्या, त्यांतल्या अकरा ‘हो’ आणि तीन ‘नाही’. त्या म्हणाल्या, “मॅडम, माझी मुलं बोललीच नाहीत.” मी काहीच बोलले नव्हते. मी हेच वाक्य त्यांना सुनावलं असतं तर त्यांनी मला चित्रं दाखवली असती, आणि ते साहजिकच होतं. पुढच्या वेळी काय बदलायचं ते त्यांनीच ठरवलं: हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न तासात तीनदाच विचारायचा. मी नुसती ‘बघूया’ म्हणाले.

आता वेळेचं. केंद्रात बारा शाळा, मीटिंगा, टपाल, ऑनलाइन माहिती. मी आधी दिवसाला तीन शाळा करायची आणि दैनंदिनीत ते छान दिसायचं. नंतर दिवसाला एकच शाळा करू लागले, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत. भेटी कमी झाल्या म्हणून वरून विचारणाही झाली, ते खोटं सांगणार नाही. पण हिशेब करा. लातूरकडच्या सरांकडे मी दोन भेटींत वीस मिनिटं बोलले आणि ती वीसही मिनिटं वाया गेली. ओट्यावर तासभर गेला आणि काम झालं. जे लागू पडत नाही ते सांगण्यात गेलेला वेळ आपण कधी मोजतच नाही. तुम्हाला दिवसभर जमणार नसेल तर मधली सुट्टी तरी पूर्ण द्या. फोन पालथा ठेवा. गटशिक्षणाधिकाऱ्यांचा फोन आला तर उचलावा लागतोच, मग समोरच्याला सांगून उचला आणि परत आल्यावर ‘आपण कुठे होतो?’ असं न विचारता त्यांचं शेवटचं वाक्य तुम्हीच म्हणा. तुम्ही ऐकत होतात हे त्यांना त्यावरून कळतं.

पहिली दहा मिनिटं तक्रारींची जातील, तीही जाऊ द्या. लिंक भरायच्या, यू-डायसवर शाळेची माहिती भरायची, आहाराच्या नोंदी, बीएलओ म्हणून मतदार याद्यांचं काम. यातलं बहुतेक तुमच्या-माझ्या हातात नाही, म्हणून आपण ‘ते सगळ्यांनाच आहे’ म्हणून विषय मिटवतो. पण त्या तक्रारींतही कधी कधी हाती लागण्यासारखं काही असतं. एक सर रोज संध्याकाळी मोबाईलला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढून माहिती भरत होते आणि अंधारात उतरत होते. त्यांची माहिती केंद्रशाळेवरून भरायची सोय करणं माझ्या हातात होतं. एका फोनचं काम. त्यांनी ते गाऱ्हाणं म्हणून सांगितलंसुद्धा नव्हतं, बोलता बोलता आलं होतं.

आणि जिथे मी ऐकलं नाही, तेही सांगायला हवं. एक तरुण शिक्षिका मला दोनदा म्हणाल्या होत्या, “मॅडम, शाळा सुटायच्या वेळेचं काही करता येईल का?” यांना घरी लवकर जायचंय, असं मी गृहीत धरलं. शालेय वेळेचं महत्त्व मी त्यांना दोन्ही वेळा समजावलं आणि दुसऱ्या खेपेला शेऱ्यातही लिहिलं, ‘शालेय वेळेचे काटेकोर पालन करावे.’ त्यांनी सही केली. पुढे काही महिन्यांनी त्यांच्या शाळेवर गेले आणि माझी गाडी बंद पडली म्हणून मी त्यांच्याबरोबर परत निघाले, तेव्हा कळलं. फाट्यावरची शेवटची शेअरची जीप साडेचारला जायची. शाळा पाचला सुटायची. त्यानंतर त्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्याने साडेचार किलोमीटर एकट्या चालत जायच्या, रोज. हिवाळ्यात निम्म्या वाटेवर अंधार पडायचा. त्या पुढे चालत होत्या आणि मला म्हणाल्या, “इथून जरा भरभर चालायचं मॅडम, इथे दारूचा गुत्ता आहे.” मला त्या रस्त्यावर बोलायला शब्द सापडला नाही. ग्रामस्थांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून आठवड्याभरात शाळेची वेळ ती जीप गाठता येईल एवढी अलीकडे घेतली गेली. एवढंच करायचं होतं. त्या मला दोनदा सांगायला आल्या होत्या आणि दोन्ही वेळा मी त्यांचं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकलं होतं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला त्याचं आजही वाईट वाटतं. नव्या शिक्षकाचं पहिलं वाक्य बहुधा असंच अर्धवट, संकोचलेलं असतं. ते आपण पूर्ण करायचं नाही. ‘वेळेचं म्हणजे? सांगा मला’ एवढे चार शब्द त्या दिवशी पुरले असते.

आमच्याच भागात, डहाणू तालुक्यात कोसबाड आहे. १९४५ साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी जवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर आल्या, आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ‘यांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही’ असं म्हणून या दोघी थांबल्या नाहीत. मुलं दिवसभर काय करतात ते त्यांनी पाहिलं, ऐकलं. मग बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, आणि जी मुलं गुरं राखत होती त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरवली. कुरणशाळा. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, त्याचं मूळ या कामात आहे. नव्या शिक्षकांना मी कोसबाडला आवर्जून घेऊन जायची, आणि माझ्या मनातही ते सतत असायचं. मूल का येत नाही हे मुलाच्या बाजूने ऐकल्यावर ताराबाईंनी शाळेची जागा बदलली. मग शिक्षक का बदलत नाही हे शिक्षकाच्या बाजूने ऐकल्यावर मला निदान माझी भेट द्यायची पद्धत तरी बदलता यायला हवी.

डोक्यावर बसण्याची भीती मलाही होती. माझा अनुभव उलटा आहे, पण एक भेद पक्का ठेवावा लागतो. ऐकून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे. एका शाळेत मी मुलाच्या पोटरीवर छडीचे वळ पाहिले. ते सर नवे नव्हते, पण गोष्ट तीच. मी त्यांना आधी कारण विचारत बसले नाही. छडी मागून घेतली आणि सांगितलं, हे यापुढे होणार नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, त्यात चर्चेला जागा नाही, आणि मी हे लेखी कळवणार आहे. ते कळवलंही. त्यांचं ऐकायला मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, आणि तेव्हा दोन तास ऐकलं. पहिली ते चौथीची ४० मुलं एकट्याच्या अंगावर, जोडीदार शिक्षक आठ महिने प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे, रात्री झोप नाही. यातल्या एकाही गोष्टीने छडी योग्य ठरत नव्हती आणि मी तसं त्यांना म्हटलंही. पण जोडीदार परत मिळावा म्हणून पाठपुरावा मी त्यानंतरच सुरू केला. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथे आधी थांबवायचं आणि मग ऐकायचं. बाकी सगळीकडे आधी ऐकायचं. दोन्ही ठिकाणी सांगायचं ते स्पष्टच सांगायचं. ज्यांचं ऐकून घेतलं ते शिक्षक माझ्या डोक्यावर बसले नाहीत. उलट कडक बोललेलं त्यांनाच जास्त सहन झालं, कारण ते त्यांच्याच वर्गाबद्दल होतं, हे त्यांना पटलेलं असायचं.

एक मात्र जपा. ऐकलं की आश्वासन द्यावंसं वाटतं. आंतरजिल्हा बदलीचा विषय निघेल, घरी लहान बाळ आहे, आई एकटी आहे, डोळ्यांत पाणी येईल. जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द देऊ नका. ‘हे मला करता येणार नाही, पण तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत’ असं म्हणायला मला फार वर्षं लागली. ते ऐकून कुणी नाराज झाल्याचं मला आठवत नाही. शब्द देऊन फिरकले नाही, तिथे मात्र माणसं तुटली.

आता त्या न बोलणाऱ्या मॅडम. पाचांपैकी आधी त्यांच्याच शाळेवर जा, आणि या खेपेला तास पाहायला जाऊ नका. आदल्या दिवशी फोन करून सांगा, ‘उद्या मी येतोय, तपासणी नाही, शेरा नाही.’ प्रार्थनेच्या आधी पोहोचा. मुलांच्या रांगेत बसून खिचडी खा. त्या काही काम करत असतील तर त्यात हात लावा. रजिस्टरवर रेघा मारायच्या असतील, वर्गात दोरीला चित्रं लावायची असतील. समोरासमोर खुर्च्या टाकून जे बोलवत नाही ते शेजारी बसून, हात कामात असताना बोललं जातं. शिवाय तुम्ही पुरुष, वयाने आणि हुद्द्याने मोठे, त्या पंचविशीच्या. त्यांना तुमच्याशी बोलणं जड जाणारच. केंद्रातल्या एखाद्या अनुभवी मॅडमना बरोबर न्या आणि थोडा वेळ त्या दोघींना सोडून मुलांबरोबर मैदानावर जा. त्या मॅडमनी तुम्हाला येऊन काही सांगितलंच पाहिजे, असा आग्रह धरू नका.

त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत, तर निघताना पुढच्या भेटीची तारीख सांगून या, आणि त्या तारखेला पाऊस असो की मीटिंग, जा. माझ्याकडच्या अशाच एक मॅडम पाचव्या भेटीत पहिल्यांदा बोलल्या. मी निघाले होते, चप्पल घालत होते, आणि त्या दारात येऊन म्हणाल्या, “मॅडम, एक विचारू?” मी चप्पल काढली आणि परत आत जाऊन बसले.